घाटापलीकडचं भाडं

चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागलं की भूगाव, मग भुकूम, मग एक आखूड घाट, आणि तो उतरला की पिरंगुट. ताम्हिणी पाहिलेला माणूस याला घाट म्हणायला तयार होणार नाही, पण भरलेली गाडी इथं गिअर उतरवतेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं, लॉन्स, प्लॉटिंगच्या पाट्या. मध्येच एखादं भाताचं खाचर अजून तग धरून आहे. ही गोष्ट भुकूमची. माणसं गोष्टीतली आहेत. रस्ते, कायदे आणि धंद्याची रीत मात्र खरी.

अण्णांनी रस्त्याकडेची थोडी जमीन विकली होती. मुळशीत जमिनीच्या पैशाचं पुढं काय झालं याच्या गोष्टी सांगायला बसलं तर रात्र पुरायची नाही, आणि त्यातल्या निम्म्या ऐकवणार नाहीत. अण्णांचं त्या मानानं बरं. घर बांधलं, मुलीचं लग्न केलं आणि उरलेल्यात एक जुनी १९ फुटी आयशर घेतली. मालक तेच, ड्रायव्हर तेच. क्लीनर म्हणून कधी पुतण्या यायचा, कधी कोणीच नसायचं.

गाडी घेतल्यापासून रीत ठरलेली. सकाळी रिकामी गाडी काढायची, चांदणी चौक, बायपास, आणि निगडीची ट्रान्सपोर्टनगरी. पंचवीस-तीस किलोमीटर. तिथं शेठचं ऑफिस: एक टेबल, तीन फोन, भिंतीवर गणपती आणि खाली बाकावर अण्णांसारखेच आठ-दहा जण. नंबर लागला की शेठ हाक मारायचे. अनेकदा ती हाक अशी असायची, ‘‘अण्णा, पिरंगुट. क्रेटमधले पार्ट आहेत. वाळूजला टाकायचे.’’

म्हणजे पुन्हा तीस किलोमीटर मागं यायचं, स्वतःच्या दारावरून जायचं, घाट उतरायचा आणि घरापासून पाच किलोमीटरवरच्या कारखान्यात गाडी लावायची. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. पाऊस ताम्हिणीकडून येतो तसं भाडं निगडीकडून येतं, असं अण्णा धरून चालले होते.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला स्फोटानं पाडला. नवा पूल लोकांसाठी खुला झाला तो १२ ऑगस्ट २०२३ ला. त्याच्या आगेमागचे ते महिने ज्यांनी त्या चौकात काढलेत त्यांना जास्त सांगायला नको. रिकाम्या गाडीत दोन-दोन तास डिझेल जाळून अण्णा घरी आले की घरात फक्त भांड्यांचा आवाज ऐकू यायचा. एका रात्री वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, विचारलं,

‘‘अहो, कारखाना इथं. गाडी इथं. मग निगडीला काय आहे?’’

‘‘शेठ आहे,’’ अण्णा म्हणाले आणि जेवायला लागले.

उत्तर बरोबरच होतं. पण शेठ आहे म्हणजे नेमकं काय आहे, हे अण्णांनाही सांगता आलं नसतं.

ते कळायला सुरुवात झाली वाळूजच्या एका फाटकावर. माल उतरवून झाला होता, पोच मिळायची होती. आतला कारकून कागद चाळत होता आणि पिरंगुटच्या कंपनीच्या एका कागदावर वाहतुकीची रक्कम उघडी पडली होती : १४,५००. अण्णांना शेठनी भाडं सांगितलं होतं ११,०००, आणि त्यातून दलालीचे ५०० आधीच कापले होते. जाऊन-येऊन डिझेलच सात हजारांच्या घरात जायचं, टोल वेगळा. परतीचं भाडं नाही मिळालं तर हातात काय उरायचं ते सांगायला नको.

बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, भाड्याचा एक रकाना असतो. दलालाकडून आलेल्या बिल्टीत त्या रकान्यात आकडा क्वचित दिसतो. तिथं टीबीबी ही ‘टू बी बिल्ड’ची तीन अक्षरं असतात, म्हणजे हिशेब परस्पर होईल, तू गाडी हाक. अण्णांनी ती अक्षरं शेकडो वेळा पाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे दुखणं निगडीचं एकट्याचं नाही. अमेरिकेतला स्वतःच्या ट्रकचा मालक-ड्रायव्हरही अनेकदा दलालाकडूनच माल घेतो. तिथल्या केंद्र सरकारचा नियम आहे की दलालानं प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी आणि त्या व्यवहारातल्या पक्षाला ती पाहता यावी. नियम छान आहे. दलाल करारातच तो हक्क सोडून द्यायला लावतात, आणि माल हवा असेल त्याला सही करावी लागते. मे २०२० मध्ये, करोनात भाडी कोसळली तेव्हा, तिथले ट्रकवाले आपल्या गाड्या घेऊन थेट वॉशिंग्टनला जाऊन बसले. मुख्य मागणी : पार्टीनं किती दिले ते आम्हाला दिसू द्या. दलाली घेऊ नका असं कोणी म्हणत नव्हतं.

अण्णा वॉशिंग्टनला गेले नाहीत, ते घाट उतरून पिरंगुटला गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, कारखान्याच्या डिस्पॅचला.

‘‘थेट भाडं द्या,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हाला हजार रुपये स्वस्त पडेल.’’

डिस्पॅचचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला. ‘‘गाड्या किती?’’

‘‘एक.’’

‘‘ती रस्त्यात मोडली तर?’’

अण्णा गप्प.

‘‘बिल्टी कोणाच्या नावाची?’’

‘‘बिल्टी ट्रान्सपोर्टवाला फाडतो.’’

‘‘तोच तर तुम्हाला नकोय ना? बरं, पैसे साठ दिवसांनी मिळतील. चालेल?’’

अण्णांच्या हातात आजवर गाडी सुटायच्या आधीच ऐंशी टक्के अ‍ॅडव्हान्स पडत आला होता. चहा पिऊन ते परत आले. घाट चढताना त्यांना राग आला होता, आणि नेमका कोणाचा ते समजत नव्हतं.

बहुतेक मालक-ड्रायव्हरांची गोष्ट इथंच संपते. दलालाला चार शिव्या द्यायच्या, दोन दिवस गाडी उभी ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी निगडीच्या बाकावर जाऊन बसायचं. अण्णाही तेच करणार होते. पण वहिनींनी साहेबांचे प्रश्न त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतले आणि बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिले. ‘‘यातलं शेठ काय काय करतात?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सगळंच.’’

‘‘मग चार हजार त्याचेच असतील की.’’

‘‘चार हजारांचं काम नाही ते.’’

‘‘किती हजारांचं आहे?’’

याचंही उत्तर अण्णांकडे नव्हतं.

पुढचे दोन-तीन महिने कागदांत गेले. वहिनींची एक भाची पौडला कर सल्लागाराकडे कामाला होती. तिनं एकेक गाठ सोडवली. बिल्टी स्वतःच्या नावानं फाडायची तर नोंदणी लागते. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा आहे, ज्यानं १८६५ चा इंग्रजांच्या काळातला कायदा मोडीत काढला. त्याखाली दुसऱ्याचा माल भाड्यानं नेण्यासाठी स्वीकारणाऱ्याला ‘कॉमन कॅरिअर’ म्हणून नाव नोंदवावं लागतं. जीएसटीची अण्णांना धास्ती होती. भाची म्हणाली, कंपनीचा माल असेल तर पाच टक्के कर कंपनीच परस्पर भरते, त्यासाठी तुम्हाला वेगळं काही करायला नको. दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असलेल्यानं पॅन दिला आणि तसं लिहून दिलं की बिलातून टीडीएस कापत नाहीत. आणि उद्यम नोंदणी करा, फुकट होते. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानं अशा नोंदणीवाल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२४ पासून तर मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेली रक्कम कंपनीला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवताही येत नाही.

‘‘म्हणजे दम देता येतो?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘दम कशाला? बिलावर नंबर छापा,’’ भाची म्हणाली. ‘‘वाचायचं ते वाचतील.’’

मला ही भाची फार आवडते. सरकारी कायदे गरिबाला कळत नाहीत असं आपण म्हणतो. ते समजावून सांगणारं माणूस नात्यात असलं तर कळतात.

पहिलं भाडं मिळालं ते महिन्याअखेरीला. कारखान्यांत ३०-३१ तारीख म्हणजे लगीनघाई : विक्री त्या महिन्यात दाखवायची असते, माल फाटकाबाहेर काढायचा असतो आणि नेमक्या त्याच दिवशी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या कमी पडतात. रात्री नऊला साहेबांचा फोन आला. ‘‘अण्णा, आहे का गाडी?’’ अर्ध्या तासात आयशर फाटकाशी होती. निगडीची गाडी दोन तासांत आली नसती. घराजवळ असण्याची किंमत अण्णांना त्या रात्री समजली. साहेबांना ती आधीपासून ठाऊक असावी, फक्त कोणी विकायला आलं नव्हतं.

भाडं ठरलं १३,५००. वहिनींनी एक गोष्ट आधीच लिहून घ्यायला लावली : हमाली पार्टीची. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, हमालांना त्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण माल चढवण्या-उतरवण्याची वाराई ट्रकवाल्याच्या खिशातून का, हा वाद जुना आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा ट्रकवाल्यांच्या संघटना देत आल्या आहेत. भाड्याच्या पत्रात एक ओळ घातली की तेवढ्यापुरता वाद मिटतो, पण शेठकडे भाड्याचं पत्रच नसायचं.

मग पैशाची वाट बघणं सुरू झालं. डिझेल रोखीनं, टायर रोखीनं, हप्ता पाच तारखेला, आणि बिल कंपनीच्या लेखा विभागात. पंचेचाळीस दिवस ऐकायला बरे वाटतात. बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलले. वहिनींनी व्याज वहीत वेगळं लिहिलं. ‘‘शेठच्या चार हजारांतलं हे एक,’’ त्या म्हणाल्या. अण्णांना तो हिशेब आवडला नाही, पण खोटा आहे असंही म्हणता येईना.

दुसरी गोष्ट परतीच्या भाड्याची. ट्रकचा धंदा जाताना नाही बुडत, येताना बुडतो. मोबाइलवर आता लोड दाखवणारी अ‍ॅपं आहेत; ब्लॅकबक कंपनी २०१५ मध्ये बंगळुरूत निघाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातही आली. अण्णांनी ती सगळी उतरवून घेतली. लोड दिसायचे. फोन लावला की बऱ्याचदा पलीकडे आणखी एक शेठ निघायचा. बाक तेवढा नव्हता.

मार्ग निघाला तो वाळूजच्या त्याच फाटकाच्या आत. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा दुचाकींचा कारखाना आला आणि भोवती सुटे भाग करणाऱ्यांची, वापरणाऱ्यांची वस्ती वाढत गेली. तिथं पिरंगुटहून पार्ट जातात ते निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून. पार्ट वापरले की क्रेट रिकामे. अण्णांनी ते फाटकाच्या आत छपराइतके रचलेले किती वेळा पाहिले होते. एकदा पोच मिळेपर्यंत वेळ होता म्हणून त्यांनी गोदामाच्या माणसाला विचारलं, ‘‘हे कुठं जातात?’’

‘‘पिरंगुटला. साठले की एखादी गाडी बोलावतो.’’

‘‘आणि ती गाडी इकडं काय घेऊन येते?’’

‘‘रिकामी येते.’’

म्हणजे एक गाडी भरून यायची आणि रिकामी जायची, दुसरी रिकामी येऊन तेच क्रेट भरून न्यायची. दोन्हींचं भाडं एकच कंपनी देत होती, दोन वेगळ्या दलालांमार्फत. यात कोणी लबाडी केली नव्हती. ज्याच्या हातात पावतीची एकच बाजू असते त्याला दुसरी दिसत नाही, आणि दोन्ही बाजू पाहणारा माणूस म्हणजे ड्रायव्हर, त्याला कोणी विचारत नाही. अण्णांनी साहेबांना जाण्या-येण्याचा एकत्र दर दिला. साहेबांचे पैसे वाचले, अण्णांची गाडी दोन्ही बाजूंनी भरली. जुने लमाण जाताना धान्य आणि परत येताना मीठ बैलांवर लादत. तांड्याच्या नायकाला परतीचा माल कोणी शिकवला नसेल. आपणच मधल्या काळात विसरलो.

असं सगळं सुरळीत झालं आणि मग गाडी मोडली.

रात्रीचे अकरा, सुपे मागं पडलं होतं, अहिल्यानगर यायचं होतं. क्लच गेला. माल सकाळी आठला वाळूजच्या लाइनवर हवा होता; नाही गेला तर लाइन थांबते आणि लाइन थांबली की दंडाचं पत्र येतं. अण्णांनी भुकूमला फोन लावले. चुलतभाऊ उचलेना. लवळ्याच्या तात्यांची गाडी कोल्हापूरला. भूगावच्या एकाचा फोन बंद. साहेबांचा ‘मोडली तर?’ हा प्रश्न आता रस्त्याकडेला, बंद गाडीपाशी उभा होता.

बारा वाजता अण्णांनी निगडीच्या शेठना फोन केला. दीड वर्षात पहिल्यांदा. दोन रिंगांत उचलला.

‘‘कुठं आहेस?’’ शेठनी विचारलं. शिवी नाही, टोमणा नाही. ‘‘थांब तिथंच. रांजणगावला एक गाडी रिकामी झालीय. आणि ऐक, ई-वे बिलावर गाडीचा नंबर बदलून घे आत्ता. नाहीतर पुढं अडवतील. तुझ्या साहेबाला उठव.’’

अण्णांना ते ठाऊकच नव्हतं. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला की ई-वे बिलात नवा नंबर भरावा लागतो. दोन वाजता रांजणगावची गाडी आली. तिघांनी मिळून क्रेट बदलले. सकाळी साडेसातला माल फाटकात होता.

चार दिवसांनी अण्णा निगडीला गेले, पैसे द्यायला. बाक तोच, माणसं नवी. शेठनी नोटा मोजल्या.

‘‘त्या गाडीवाल्याला यातले किती दिले?’’ अण्णांनी विचारलं.

शेठ हसले. ‘‘ते तुला कशाला?’’ मग जरा नरमाईनं म्हणाले, ‘‘अण्णा, माझ्या नावावर एकही गाडी नाही. पण रात्री दोनला माझा फोन उचलणारे चाळीस जण आहेत. तीस वर्षं लागली त्याला. तू मला सोडलंस त्याचं वाईट नाही वाटलं. तुझा फोन कोण उचलतं ते बघ आधी.’’

अण्णा परतीच्या वाटेवर गाडी चालवत होते आणि शेठचं पटत होतं. पटत होतं, आणि तरी वाळूजच्या फाटकावरचा तो उघडा आकडा डोक्यातून जात नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे पचायला त्यांना घाट लागला.

भुकूमच्या रस्त्यावर एक पंक्चरचं दुकान आहे, तिथं सगळे गाडीवाले कधी ना कधी थांबतातच. त्या दुकानात बैठक झाली. भुकूमचे तिघे, भूगावचा एक, लवळ्याचे तात्या, उरवड्याचा एक : सहा गाड्या. संघ काढला नाही, फलक लावला नाही. दोनच गोष्टी ठरल्या. एकाची गाडी मोडली तर जवळ असेल त्यानं माल पुढं न्यायचा, आणि भाडं अंतराच्या हिशेबानं वाटून घ्यायचं. रात्री फोन उचलायचा. दुसऱ्या अटीवर तात्या बरेच कुरकुरले, त्यांना झोप प्यारी होती. शेवटी त्यांच्या सूनबाईंचा नंबर लिहून घेतला.

कंपन्यांसाठी एकच फोन ठेवला, तो वहिनींकडे. ज्याची गाडी मोकळी त्याचं नाव त्यांच्या वहीत. पिरंगुटची दुसरी एक कंपनी मिळाली, मग उरवडे रस्त्यावरची एक. साहेबांच्या पहिल्या प्रश्नाला आता उत्तर होतं. बिलावर उद्यमचा नंबर होता, आणि पैसे, आश्चर्य म्हणजे, चाळीस-बेचाळीस दिवसांत यायला लागले. कोणाला दम द्यावा लागला नाही.

गोष्ट इथं थांबवली असती तर ती एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या अहवालात शोभली असती. पण पुढं दिवाळी आली.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पिरंगुटला गाडी मिळत नाही. साहेबांनी वाळूजचे चार लोड एकदम दिले आणि दर स्वतःच वाढवला : १५,०००. अण्णांनी चुलतभावाला फोन लावला. ‘‘भाऊ, वाळूज आहे. उद्या सकाळी. बारा हजार.’’

‘‘चालंल की,’’ भाऊ म्हणाला. खुशीत होता. निगडीला त्याला अकराच मिळायचे, आणि तेही बाकावर बसून.

अण्णांनी फोन ठेवला. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. धावपळ त्यांनी केली होती, कागद त्यांनी केले होते, पैसे पंचेचाळीस दिवसांनी येणार होते आणि भावाला ते पोच आली की लगेच रोख देणार होते. मोडलेल्या गाडीची रात्र त्यांनी काढली होती. तीन हजार काही फुकटचे नव्हते. शेठ तर चार घ्यायचे.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. काही बोलल्या नाहीत. रात्री भाडेचिठ्ठ्या लिहायला बसल्या तेव्हा भावाच्या चिठ्ठीवर त्यांनी वरती लिहिलं : पार्टीचं भाडं १५,०००. खाली लिहिलं : गाडीचं भाडं १२,०००. मधली जागा कोरी सोडली आणि पेन वर धरलं.

‘‘इथं काय लिहू?’’

‘‘काय लिहायचं? काहीच नको. वरचा आकडा कशाला घातलास? चिठ्ठी त्याच्या हातात जाणार.’’

‘‘वही एकच आहे. एक आकडा वहीत आणि एक चिठ्ठीत, असं मला नाही जमायचं, माझी बेरीज चुकते,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘सांगा ना, तीन हजार कशाचे?’’

‘‘व्याजाचे.’’

वहिनींनी तोंडानं हिशेब केला. चौदा हजार, दोन टक्के, दीड महिना. ‘‘चारशे वीस. पुढं?’’

‘‘फोन.’’

‘‘शंभर लिहू?’’

‘‘लिही. बिल्टी, पोच कुरिअरनं पाठवायची.’’

‘‘ऐंशी.’’

‘‘गाडी मोडली तर बाजूला काही टाकायला नको?’’

‘‘हवं की. दोनशे. अजून?’’

अण्णा थांबले. ‘‘माझं काही आहे की नाही? साहेबांकडं खेपा मी घालतो.’’

‘‘तुमचे तीनशे,’’ वहिनींनी लगेच लिहिलं, जणू तो आकडा त्यांनी आधीच ठरवला होता. मग बेरीज मारली. ‘‘अकराशे. उरले एकोणीसशे. ते कशाचे लिहू?’’

बाहेर रस्त्यावर दिवाळीची गर्दी होती, लोक लोणावळ्याला निघावेत तसे मुळशीला निघाले होते, हॉर्न वाजत होते. अण्णांनी बराच विचार केला. एकोणीसशे रुपयांसाठी त्यांना एकही नाव सापडेना जे त्या चिठ्ठीवर, भावाच्या हातात, वाचून दाखवता आलं असतं. एक नाव होतं : भावाला ठाऊक नाही म्हणून. ते कोणत्या रकान्यात बसणार?

‘‘गाडीचं भाडं बदल,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तेरा हजार नऊशे कर.’’

‘‘पोरगं बारात खूश होतं.’’

‘‘मीपण अकरात खूश होतो,’’ अण्णा म्हणाले. आवाज जरा चढलाच होता. ‘‘वाळूजला तो कागद दिसेपर्यंत.’’

सकाळी सहाला भाऊ चिठ्ठी घ्यायला आला. दारातच उभं राहून त्यानं ती वाचली. मग पुन्हा वाचली. अण्णांना वाटलं होतं तो काही तरी चांगलं बोलेल, निदान चहाला बसेल. कालच्या बाराचे आज तेरा हजार नऊशे झाले होते.

‘‘अण्णा,’’ भाऊ चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘हे फोनचे शंभर कशाचे?’’

‘‘फोनचे. रिचार्ज लागतो.’’

‘‘रिचार्ज महिन्याला एकदाच मारता ना वहिनी? आज गाड्या चार चालल्यात. चौघांच्या चिठ्ठीवर शंभर शंभर?’’

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. निगडीच्या बाकावर बसून या पोरानं कधी पाच रुपयांचा हिशेब विचारला नव्हता. शेठनी सांगितलं ते भाडं, कापली ती दलाली. विचारायला समोर काही लिहिलेलंच नसायचं.

‘‘खरं आहे की,’’ वहिनी म्हणाल्या आणि चिठ्ठी परत घेतली. शंभर खोडले, पंचवीस लिहिले, खालची बेरीज दुरुस्त केली. ‘‘तेरा हजार नऊशे पंचाहत्तर. व्याजाचं काय? तेही बघतोस का?’’

‘‘व्याज राहू द्या,’’ भाऊ म्हणाला. ‘‘ते मलाबी लागतं. पण ह्ये दोनशे, गाडी मोडली तर म्हणून बाजूला टाकलेले, ते वर्षाच्या शेवटी नाही मोडली तर कोणाचे?’’

तो चहाला बसला तो त्यासाठी. पिरंगुटचं फाटक सातला उघडतं. साडेसहा वाजून गेले तरी तिघांचं त्या दोनशेंवर काही ठरलं नव्हतं, आणि तात्यांची सूनबाई फोनवर विचारत होती की आमच्या चिठ्ठीवरचे शंभरपण पंचवीस करणार की नाही.